ब्रिटनच्या लोकांना राजा खरंच हवा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राज्याभिषेकाला रस्ते फुलून जातात, पण बातम्यांत राजेशाहीचा पाठिंबा घटल्याचे आकडे येतात. मग लोकांना राजा हवा आहे की नको? शिवाय तुमचा ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झालाय, तेव्हा राजाशी निष्ठेची शपथ घ्यावीच लागेल का, हा उपप्रश्न.

पहिल्याचं उत्तर आधी देतो. बहुमत अजून राजेशाहीच्या बाजूने आहे. पण त्या बहुमतातल्या बऱ्याच जणांना राजाचं ना सोयर ना सुतक. ‘हवा’ आणि ‘नको’ असे दोनच तट पाडले की हा तिसरा, सगळ्यात मोठा गट दिसेनासा होतो.

गर्दीवरून अंदाज बांधू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यदर्शनासाठी वेस्टमिन्स्टर हॉलसमोर लागलेली रांग थेम्सच्या काठाने मैलोन् मैल गेली होती, काहींना २४ तासांच्या आसपास उभं राहावं लागलं. आत जाऊन आलेले लोक सुमारे अडीच लाख. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या अर्धा टक्काही नाही. ६ मे २०२३ चा राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक टीव्हीवर एका वेळी जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ४ लाख लोकांनी पाहिला. हा आकडा मोठाच आहे, पण तो दहातल्या तिघांचा. बाकी सात जण दुसरं काहीतरी करत होते. त्याच्या आधीच्या महिन्यात यूगव्ह या सर्वेक्षण कंपनीने विचारलं होतं, तेव्हा राज्याभिषेकाबद्दल ‘फारसं काही वाटत नाही’ म्हणणारे ३५ टक्के आणि ‘अजिबात काही वाटत नाही’ म्हणणारे २९ टक्के निघाले. हे ६४ टक्के सगळेच काही राजाच्या विरोधात नव्हते. त्यांना सोमवारची जादा सुट्टी मिळाली, विषय संपला.

आता सर्वेक्षणांकडे. इथे बहुतेकांची फसगत होते ती एकाच कारणाने: आकडा वाचतात, प्रश्न वाचत नाहीत. नॅटसेन ही संस्था १९८३ पासून ‘ब्रिटिश सोशल ॲटिट्यूड्स’ नावाची पाहणी करते. तिच्यातला जुना प्रश्न असा, की ब्रिटनमध्ये राजेशाही चालू राहणं किती महत्त्वाचं आहे? उत्तराच्या पायऱ्या आहेत: खूप महत्त्वाचं, बऱ्यापैकी, फारसं नाही, अजिबात नाही आणि शेवटी ‘राजेशाही रद्दच करावी’. १९८३ मध्ये वरच्या दोन पायऱ्यांवर मिळून ८६ टक्के लोक होते. २०२४ च्या फेरीत ते ५१ टक्क्यांवर आले. ‘रद्दच करावी’ म्हणणारे मात्र १५ टक्क्यांच्या आसपासच. पण याच फेरीत दुसऱ्या प्रश्नात दोनच पर्याय ठेवले, राजेशाही की निवडून दिलेला राष्ट्रप्रमुख, तेव्हा ५८ टक्क्यांनी राजेशाही म्हटलं आणि ३८ टक्क्यांनी निवडून दिलेला.

१५ आणि ३८ यांतली तफावत नीट बघा. एकाच काळात, एकाच पाहणीत. ‘रद्द करा’ म्हणायला माणूस कचरतो, कारण त्यात उलथापालथ आली. ‘यातलं कुठलं बरं वाटतं’ असं विचारलं की तोच माणूस सहज निवडणुकीकडे झुकतो. म्हणून राजेशाहीवाल्यांचं पत्रक पहिला प्रश्न उचलतं आणि विरोधकांचं दुसरा. दोघंही खोटं बोलत नसतात.

‘माहीत नाही’ हा पर्याय दिला होता का, तेही बघायचं. एप्रिल २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ या कार्यक्रमासाठी यूगव्हने ४,५९२ जणांना विचारलं. राजेशाही ५८, निवडून दिलेला प्रमुख २६, उरलेले कुंपणावर. नॅटसेनच्या दोन पर्यायांच्या प्रश्नातही राजेशाहीला ५८ च आहेत, पण तिथे समोरचा आकडा ३८ आहे. कुंपणावरच्यांना उतरायला लावलं की ते कुठे उतरतात, याचा थोडा अंदाज यातून येतो. थोडाच, कारण दोन पाहण्यांची पद्धत आणि वर्षं वेगळी आहेत.

वयाची दरी याच पॅनोरामा पाहणीत ठळक दिसते. ६५ च्या वरच्यांत राजेशाहीला ७८ टक्के; १८ ते २४ मध्ये ३२, आणि निवडून दिलेल्या प्रमुखाला ३८. ‘तरुण राजाच्या विरोधात’ हा मथळा इथूनच निघतो. पण एक काळजी घ्या. नेहमीच्या दोन हजारांच्या नमुन्यात १८ ते २४ चे जेमतेम दोनशे लोक असतात, आणि दोनशेंच्या उत्तराला सहा-सात टक्के इकडेतिकडे धरावेच लागतात. स्कॉटलंडचे आकडेही बऱ्याचदा असेच मोठ्या पाहणीतला छोटा तुकडा काढून दिलेले असतात. ब्रिटिश पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्थांना आकडे जाहीर झाल्यावर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण तक्ते खुले करावे लागतात. ते उघडून गटाचा आकार बघायला पाच मिनिटं लागतात.

वय वाढलं की हीच मुलं राजेशाहीकडे वळतील, असं एक नेहमीचं उत्तर असतं. काही प्रमाणात तसं होतही आलंय. पण तेवढंच असतं तर एकूण आकडा ८६ वरून इतका खाली आला नसता.

प्रदेशाचं म्हणाल तर स्कॉटलंडमध्ये पाठिंबा इंग्लंडपेक्षा कमी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये हा प्रश्न राजाचा राहतच नाही, तो ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं याचा होतो. आयर्लंडमध्ये जायचं म्हणणाऱ्या शिन फेन पक्षाचे खासदार निष्ठेच्या शपथेमुळे लंडनच्या संसदेत जागा घेत नाहीत, पण त्यांच्या उपाध्यक्षा मिशेल ओ’नील राज्याभिषेकाला मात्र हजर होत्या. लिव्हरपूल हे तर वेगळंच प्रकरण. राज्याभिषेकाच्याच संध्याकाळी तिथल्या अ‍ॅनफिल्ड या फुटबॉल मैदानावर सामन्याआधी राष्ट्रगीत वाजलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्या शहराचा राग राजाच्या व्यक्तीवर कमी आणि ऐंशीच्या दशकात लंडनने केलेल्या दुर्लक्षावर, पुढे हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत त्यांच्या माणसांवर झालेल्या अन्यायावर जास्त आहे. राष्ट्रगीत हे फक्त निमित्त.

लोक खरे तापतात ते दोन गोष्टींवर, पैसा आणि सक्ती. नुसत्या थाटामाटावर नाही.

पैशाबद्दल दोन्हीकडून अर्धवट बोललं जातं. राजाला ‘पगार’ नाही. २०१२ पासून ‘सॉव्हरिन ग्रँट’ नावाचं अनुदान मिळतं, आणि ते ‘क्राउन इस्टेट’ या मालमत्तेच्या दोन वर्षांपूर्वीच्या नफ्याशी जोडलेलं आहे. ही मालमत्ता राजाची खासगी नाही. तिसऱ्या जॉर्जने १७६० मध्ये तिचं उत्पन्न सरकारच्या हवाली केलं आणि बदल्यात वार्षिक रक्कम घेतली. २०२४-२५ मध्ये अनुदान ८ कोटी ६३ लाख पौंड होतं, २०२५-२६ मध्ये ते १३ कोटी २१ लाखांवर गेलं. दर २५ टक्क्यांवरून १२ वर आणूनही रक्कम वाढली, कारण समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या भाडेपट्ट्यांमुळे नफा १ अब्ज पौंडांवर गेला होता. वाढीव पैसा बकिंगहॅम राजवाड्याच्या ३६ कोटी ९० लाख पौंडांच्या दुरुस्तीला जातो, असं समर्थक म्हणतात आणि ते खरं आहे. विरोधक म्हणतात की यात पोलीस बंदोबस्त धरलेलाच नाही, आणि लँकेस्टर व कॉर्नवॉल या दोन जहागिरींचं उत्पन्नही नाही. तेही खरं आहे. ‘रिपब्लिक’ ही राजेशाहीविरोधी संघटना सगळं धरून वर्षाला ५१ कोटी पौंड सांगते. म्हणजे १३ की ५१ हा भांडणाचा मुद्दा बेरजेचा नाही, बंदोबस्त, जहागिरी अशा गोष्टी बेरजेत धरायच्या का याचा आहे. पर्यटनाचा मुद्दा मला दोन्ही बाजूंनी कच्चा वाटतो; फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यात राजा नसूनही गर्दी असते.

राज्याभिषेकाचा सरकारी खर्च ७ कोटी २० लाख पौंड आला. माणशी पौंडभर. तरीही आधीच विचारलं तेव्हा ५१ टक्के म्हणाले होते की हा खर्च सरकारने करू नये. घरातली वीज-गॅसची बिलं तेव्हा जवळपास दुप्पट झाली होती, त्यामुळे रकमेपेक्षा वेळ नडली.

सक्तीचं उदाहरण याहून बोलकं आहे. जुन्या रिवाजात राज्याभिषेकात सरदार मंडळी गुडघे टेकून निष्ठा वाहत. २०२३ मध्ये त्यांची रांग गाळून ‘जनतेची निष्ठा’ असा नवा भाग घातला: देशभरातल्या लोकांनी घरी टीव्हीसमोर राजाशी निष्ठेची शपथ मोठ्याने म्हणावी. हेतू लोकशाहीचाच होता, सरदारांच्या जागी जनता. पण आठवडाभर आधी मसुदा बाहेर आला आणि एरवी राजाबद्दल काही वाटत नसलेले लोकसुद्धा चिडले. प्रत्यक्ष समारंभात तो चालवणारे धर्मगुरू आर्चबिशप वेल्बी यांनी आवाहनाचं आमंत्रण करून टाकलं: ज्यांची इच्छा असेल त्यांनी पाठिंबा द्यावा, हवं तर मनातल्या मनात. याउलट तेव्हाचे हिंदू पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बायबल वाचलं, शीख लॉर्ड इंदरजित सिंग यांनी राजाला हातमोजा दिला, लॉर्ड नरेंद्र पटेल यांनी अंगठी आणली. त्यावर फारशी कुरकुर झाली नाही. लोक बघायला तयार असतात. त्यांच्याकडून काही म्हणवून घ्यायला गेलात की बिनसतं.

त्याच सकाळी ट्रफाल्गर चौकाजवळ ‘रिपब्लिक’चे प्रमुख ग्रॅहम स्मिथ आणि त्यांचे सहकारी फलक उतरवत असताना पकडले गेले. फलक बांधायला सामानाचे पट्टे आणले होते. तीनच दिवसांपूर्वी लागू झालेल्या नव्या कायद्यात स्वतःला कशाला तरी जखडून घेण्याचं साहित्य बाळगणं गुन्हा ठरलं होतं, आणि पोलिसांनी पट्टे त्यात बसवले. रात्री सोडलं, आरोप ठेवले नाहीत, नंतर पोलिसांनी खेद व्यक्त केला. संघटनेला वर्षभर पत्रकं वाटून मिळाली नसती एवढी प्रसिद्धी एका दिवसात मिळाली.

आपल्याकडे या सगळ्यातून दोनच बातम्या गाजल्या. एक कोहिनूर, जो राणी कॅमिला यांच्या मुकुटात नव्हताच. त्यांनी राणी मेरीचा १९११ चा मुकुट वापरला, वादाची कटकट टाळून. दुसरी मुंबईच्या डबेवाल्यांनी चार्ल्ससाठी घेतलेली पुणेरी पगडी आणि उपरणं.

मग राजेशाही जाणार का? नजीकच्या काळात नाही, आणि कारण प्रेम नाही. कोणताही मोठा पक्ष हा विषय हातात घ्यायला तयार नाही. शिवाय ‘त्याऐवजी काय’ यावर एकमत होत नाही. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये हेच झालं. राणी नको म्हणणारे पुष्कळ होते, पण मतपत्रिकेवरचा अध्यक्ष संसदेने दोन तृतीयांश मतांनी नेमायचा होता. थेट निवडणूक हवी असलेल्यांनी विरोधात मत दिलं, आणि प्रस्ताव सुमारे ५५ विरुद्ध ४५ ने पडला. आपला राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, आयर्लंडचा जनता थेट निवडते. अधिकार दोघांचेही मर्यादित. ब्रिटनमध्ये कुठला नमुना, असं विचारलं की विरोधकांतच फाटे फुटतात.

आता तुमची शपथ. हो, १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला घ्यावी लागते, आणि त्यातून राजाचं नाव वगळता येत नाही. निवड एवढीच आहे: देवाच्या नावाने शपथ घ्यायची किंवा देवाचा उल्लेख नसलेलं गांभीर्यपूर्वक कथन करायचं. दोन्हींत राजे तिसरे चार्ल्स, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी कायद्याप्रमाणे निष्ठा येते. त्यानंतर देशाशी निष्ठेची वेगळी प्रतिज्ञा. कोणता मसुदा हवा ते समारंभ घेणाऱ्या स्थानिक कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांना नोंदणीच्या वेळीच सांगा. मधला शब्द गाळू नका. खासदार क्लाइव्ह लुइस यांनी जुलै २०२४ मध्ये संसदेत निषेध नोंदवत शपथ घेताना ‘वारस आणि उत्तराधिकारी’ गाळलं, तर त्यांना पुन्हा शपथ घ्यावी लागली. गृहखात्याचं आमंत्रण आलं की तीन महिन्यांच्या आत समारंभ उरका. तो होईपर्यंत तुम्ही नागरिक नसता. झाल्यावर भारतीय पासपोर्ट वापरू नका, तो रीतसर परत करून मग ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करायचा.

शपथ घेतली म्हणून पुढे राजेशाहीविरुद्ध बोलता येत नाही असं नाही. छापील मजकुरातून राजेशाही उलथवण्याची भाषा करणाऱ्याला जन्मठेप सांगणारा १८४८ चा कायदा पुस्तकात अजून आहे, पण शांततेने मत मांडणाऱ्यावर तो चालवला जाणार नाही हे २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांपुढे आलेल्या खटल्यात स्पष्ट झालंय. आणि मतदानासाठी तर थांबायचीही गरज नाही: कायदेशीर वास्तव्य असलेला भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा म्हणून आजही ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. नाव नोंदवलं नसेल तर ते आधी करा.