खांबाला वळायचंय? आधी एका पायावर उभी राहा

अगं, खो-खोत खांबाला वळताना तुझा गुडघा आत झुकतो. आधी ते सुधार, वेग नंतर. उड्या आणि झटकन वळणं असलेल्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातला एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला लिगामेंट) मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो. माझा फाटला तेव्हा नऊ महिने सांगलीत घरी बसून भडंग खाल्लंय!

दात घासताना एका पायावर ३० सेकंद उभी राहा. जमलं की भिंतीजवळ, डोळे मिटून. मग खरी गंमत कळेल. नंतर पायरीवरून उडी: आवाज न करता, गुडघे वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. आईला समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांग, झुकणं लगेच दिसतं. आठवड्यातून तीनदा, सरावाआधी १५ मिनिटं.

गुडघा सुजला तर मात्र तेल चोळत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.