रातांब्याची रोपं आणण्याआधी

परसात रातांबे, म्हणजे कोकम, लावायचे म्हणतोस, छानच. पण बियांची रोपं फुकट मिळतायत म्हणून हुरळून जाऊ नकोस. आंब्याच्या एकाच मोहरात नर आणि द्विलिंगी अशी दोन्ही फुलं असतात. रातांब्याचं तसं नाही, त्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. बियांच्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळतं सात-आठ वर्षांनी, फुलं आल्यावर. पानं बघून ओळखतो असं कोणी म्हणालं, तर मान डोलाव आणि घरी ये.

हिवाळ्यात कुणाच्या तरी बागेत फुललेलं झाड जवळून बघ. नर फुलं झुपक्यानं येतात, मधे पुंकेसरांची गच्च गुंडी. मादी फूल बहुधा एकटंदुकटं, मधोमध हिरवा वाटोळा अंडाशय आणि त्यावर चपटी, खाचा पडलेली टोपी. ती कुक्षी. परागकण तिथे चिकटला की त्याला नळी फुटते, ती खाली बीजांडापर्यंत उतरते आणि फलन झालं की अंडाशयाचाच रातांबा होतो.

तेव्हा खात्रीच्या मादी झाडाची कलमंच घे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ चांगली, फळ पावसाआधी हाती लागतं. (जूनच्या सरीत भिजलेल्या रातांब्यांची आमसुलं वाळवून बघ एकदा!) कलमासाठी जोडलेली काडी मात्र सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी, आडव्या फांदीच्या काडीचं झाड नुसतं पसरतं. आणि बांधावरचं एखादं नर झाड तोडू नकोस, पराग त्याच्याकडूनच यायचेत.