पुण्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं असूनही उजनी धरणाचं पाणी हिरवं का होतं?

कारण नेहमीची केंद्रं पाण्यातली सेंद्रिय घाण काढतात, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्याच प्रमाणात तसेच पुढे जातात. शिवाय पुण्याचं सगळं सांडपाणी अजून केंद्रांपर्यंत पोहोचतही नाही. केंद्रातले जिवाणू हवेच्या मदतीने मैला खातात, त्यामुळे पाण्याची बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) उतरते, वास जातो, पाणी स्वच्छ दिसतं. अमोनियाचं मात्र नायट्रेट होतं, म्हणजे नायट्रोजन पाण्यातच राहतो. फॉस्फरस काढायला वेगळी जैविक टाकी किंवा तुरटीसारखं रसायन लागतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे चक्क खत. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा ते खत उजनीच्या संथ, उन्हात तापलेल्या जलाशयात आणते आणि तिथे शेवाळ नि जलपर्णी फोफावते. रात्री शेवाळ प्राणवायू वापरतं, कुजताना तर आणखी ओढतं, आणि मासे तडफडतात. सोलापूर हेच पाणी पितं, म्हणून मला हा प्रश्न फार गंभीर वाटतो. जपानच्या कर्जातून पुण्यात ३९६ एमएलडी (दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर) क्षमतेची ११ नवी केंद्रं मंजूर झाली, करार २०१६ चा. ती पूर्ण क्षमतेने चालली तर कच्चा मैला नक्की घटेल. पण दोष एकट्या पुण्याचा नाही: पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी आणि भीमाकाठच्या उसातून वाहून येणारं रासायनिक खत हेही त्याच जलाशयात उतरतं. शुद्धीकरण वाढल्यावरही गाळात साठलेला फॉस्फरस काही वर्षं पाण्यात परत सुटत राहील, त्यामुळे लगेच फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.