'क्लास' प्रकल्पामागे कोण होतं आणि तो का फसला?

प्रश्न: १९८०च्या दशकात शाळांमध्ये संगणक आणणारा 'क्लास' प्रकल्प कोणी चालवला? तो का फसला?

उत्तर: नावं लगेच सांगते. १९८४-८५ मध्ये केंद्राचं इलेक्ट्रॉनिक्स खातं, शिक्षण मंत्रालय आणि एन.सी.ई.आर.टी. यांनी मिळून सुमारे २५० शाळांपासून सुरुवात केली. यंत्रं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीची, बीबीसी मायक्रो. ती सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांची करामत. कंपनीच्या हर्मन हाउझरने म्हणे दोघांना वेगवेगळं गाठून 'दुसरा हो म्हणालाय' असं सांगितलं आणि आठवड्याभरात नमुना करून घेतला.

आमच्या मुख्याध्यापकांनीही तेच केलं. मला म्हणाले, विज्ञानाचे सर प्रशिक्षणाला जातायत, तुम्ही सोबत जा. सरांना सांगितलं, गणिताच्या बाई जातायत. दोघांनीही भर मे महिन्यात लोकल पकडून इंजिनिअरिंग कॉलेज गाठलं आणि सुट्टी घालवली.

शाळा गिरगावात. यंत्रं आली तेव्हा आरती करायचीच काय ती बाकी होती. चपला बाहेर, खिडक्या बंद, मांजरपाटाच्या खोळी. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, कारण यंत्रं डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली. एखादा कीबोर्ड बिघडला तर तपासणीला जाब त्यांनाच द्यावा लागणार, आणि मुलं काहीच शिकली नाहीत तर कोणीच विचारणार नाही. मग माणूस कुलूपच लावणार! आठवड्याला एक तास, तोही परीक्षा जवळ आली की गणिताला जायचा. दहावीला ज्याचे गुण नाहीत त्याच्याकडे पालकही बघत नाहीत.

त्या एका तासातली वीस मिनिटं कॅसेट लावण्यात जायची. प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवरून चढवायचा, आवाज जरा कमी-जास्त झाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सर वैतागून सोडून द्यायचे. यावर तोड काढली आमच्या शिपाईमामांनी. प्रोग्राम एकदाचा नीट चढला तेव्हा आवाजाच्या बटणाशी त्यांनी आपल्या तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा ठिपका लावला. पुढची दोन वर्षं आम्ही त्या ठिपक्यावर संगणक शिकवला. टेपचं हेड पुसणं, पावसाळ्यात खोळी वाळवणं, सगळं मामांकडे. आणि मुख्याध्यापक घरी गेले की पाचनंतर खोली 'झाडायला' उघडून चार मुलांना आत घेणंही. त्यातल्या एका पोराला चांगलं चित्र काढायला घेतलं की यंत्राच्या ३२ किलोबाइट मेमरीतले २० पडदाच खातो, हे माझ्याआधी कळलं. मला त्याने समजावलं.

म्हणून 'फसला' हा शब्द मला झोंबतो. तज्ज्ञ म्हणतात शिक्षकांना रस नव्हता. आमचे मुख्याध्यापक तर माझ्या निरोप समारंभात माइकवर म्हणाले, "यंत्रं आली होती, पण बाईंनी फारसं मनावर घेतलं नाही." अहो, किल्ली कुठं होती?

तुमच्या शाळेत आज टॅबलेट आले असतील तर कंपनी आणि मॉडेल नंतर विचारा, आधी कपाट कोण उघडतं ते बघा. आणि एखादा फुटला तर शिक्षकाच्या पगारातून कापणार नाही, हे लेखी घ्या. आम्ही घेतलं नव्हतं.

हे सगळं एका शाळेचं. आमची यंत्रं निदान चालू तरी होती, मुंबईत वीज फारशी जात नसे. जिथं वीजच दिवसाआड यायची तिथली कारणं वेगळी असणार. खर्च, भाषा, अभ्यासक्रम यांबद्दल दुसरं कोणी लिहील.

निरोप समारंभाला मामाही आले होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती त्यांना. मुख्याध्यापक ते वाक्य बोलले तेव्हा मागच्या रांगेतून माझ्याकडे बघून त्यांनी तळहातावर चुना मळायला घेतला.