एमजीबी का तापते, काय पिते, कशावर धावते: वाचकांची प्रश्नोत्तरे

गेल्या काही महिन्यांत जुन्या स्पोर्ट्‌स कारबद्दल आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रं एमजीबीवाल्यांची आहेत. हे साहजिकच आहे. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी पाच लाखांवर तयार झाली आणि तिचं १७९८ सीसीचं ओतीव लोखंडी इंजिन कुठल्याही चांगल्या मिस्त्रीला उघडता येईल इतकं सरळ आहे. म्हणून या वेळी सगळे प्रश्न एमजीबीचेच घेतले आहेत.

प्रश्न (पुणे): माझी १९६६ची रोडस्टर (उघड्या टपाची एमजीबी) मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात हमखास तापते. शहरातल्या ट्रॅफिकमध्येही काटा वर चढतो. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकला, तरी फरक नाही. आता ते अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि दोन इलेक्ट्रिक पंखे बसवू म्हणतात. बसवू का?

आत्ता नको. आधी थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे आणि माझ्या मते तिनेच बरीच इंजिनं झिजवली. थर्मोस्टॅट पाण्याला थोडा अडथळा करतो, त्यामुळे ब्लॉकमध्ये पंपाचा दाब टिकतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास पाण्याचे बुडबुडे होत नाहीत. तो काढला की थंडीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि सिलिंडर घासतात. एमजीबीला मूळचा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा, थंड देशांसाठी ८८चा आणि उष्ण देशांसाठी ७४चा. तुम्ही ७४चा घ्या. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते डोळ्यांनी बघा.

मग गाळ. साठ वर्षांत ब्लॉकच्या मागच्या टोकाला गंज आणि क्षारांचा थर साचतो. ब्लॉकला पाणी सोडायची चकली असते, ती उघडा. पाणी आलं नाही तर तिथेच उत्तर मिळालं. तारेने भोक मोकळं करा, रेडिएटरचा आणि हीटरचा पाइप सोडून नळाच्या पाण्याने उलट दिशेने धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत. रेडिएटर रॉडिंगवाल्याकडे (नळ्या सळईने साफ करणाऱ्याकडे) द्या. कोअर (मधली नळ्यांची जाळी) अर्धी बुजलेली असेल तर त्याच टाक्यांना नवी कोअर बसवून घ्या. तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर धडधाकट असेल, तर या इंजिनाला तो पुरतो.

तिसरी गोष्ट टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. डिस्ट्रिब्युटरवरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागावरच्या) व्हॅक्यूमचा पडदा फाटला किंवा टायमिंग मागे गेलं, की पेट्रोल उशिरा जळतं आणि उष्णता हेडमध्ये आणि एक्झॉस्टमध्ये जाते. घाटात चढताना तापणाऱ्या कितीतरी गाड्या मी फक्त टायमिंग लाइट लावून थंड केल्या आहेत. व्हॅक्यूमच्या नळीने तोंडाने हवा ओढून पाहा. आतली प्लेट हलली आणि तिथेच थांबली तर पडदा शाबूत आहे.

रेडिएटरच्या भोवतीच्या पत्र्याला वर आणि बाजूंना रबरी पट्ट्या होत्या. रंगकामात त्या कायमच्या हरवतात. पट्टी नसेल तर हवा रेडिएटरमधून न जाता बाजूने निघून जाते. शंभर रुपयांच्या फोमने हे काम होतं.

रेडिएटरच्या टोपणाचा दाबही बघा. सुरुवातीच्या गाड्यांना ७ पौंडांचं टोपण होतं, पुढे ते १० आणि नंतर १३-१५ पर्यंत गेलं. दर पौंडामागे पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो. ७ वरून १० वर जायला हरकत नाही. १५चं टोपण जुन्या पाइपांवर आणि हीटरच्या कॉकवर लावलं, तर सगळ्यात कमकुवत जोड नेमका घाटात फुटेल. टोपणाची आतली लांबीही जुळायला हवी, नाहीतर ते दाब धरतच नाही.

एवढं करून ट्रॅफिकमध्ये काटा चढत असेल तरच पंखा. पण तुमच्या गाडीत दोन अडचणी आहेत, आणि त्या मिस्त्रींनी सांगितल्या नसतील. १९६७ पर्यंतच्या एमजीबी प्लस अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. आजचा पंखा सरळ वायरिंगने जोडला तर तो उलटा फिरेल, आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असेल तर जळेल. दुसरं, तुमच्या गाडीत वीज बनवायला ऑल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो आहे. तो भरधाव असताना जेमतेम २२ अँपिअर देतो आणि सिग्नलला उभं असताना जवळजवळ काहीच नाही. पंखा तर सिग्नललाच लागतो. म्हणजे तो बॅटरी खाणार आणि संध्याकाळी हेडलाइटसकट गाडी बंद पडणार. आधी ऑल्टरनेटर आणि मायनस अर्थ, मग पंखा, आणि एकच पंखा. जुना पंखा तीन पात्यांचा असेल तर नंतरच्या गाड्यांचा सहा पात्यांचा पंखा बसतो. माझी पहिली पसंती त्याला.

प्रश्न (लेस्टर, इंग्लंड): दुकानात निळं, हिरवं, गुलाबी असं कूलंट मिळतं. १९७२ च्या जीटीला (बंद छताच्या एमजीबीला) कुठलं?

रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. डब्यावरचं वाचा. ओएटी, म्हणजे सेंद्रिय आम्लांचं लाँग लाइफ कूलंट नको. जुन्या रेडिएटरमधल्या डाखाला आणि जुन्या रबराला त्याचा त्रास झाल्याचा अनुभव बऱ्याच जणांना आहे. सिलिकेट असलेलं जुन्या प्रकारचं आयएटी घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. तुमच्याकडे बर्फ पडतो, म्हणून निम्मं कूलंट, निम्मं पाणी. इकडच्या वाचकांनी मात्र तितकं घालू नये. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. महाराष्ट्रात पाव भाग कूलंट पुरे, तेही गंज रोखण्यासाठी. पाणी डिस्टिल्ड हवं. बोअरवेलचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं हे मी पाहिलेल्या निम्म्या आजारांचं मूळ आहे.

प्रश्न (नाशिक): नव्या गाडीत मी ५डब्ल्यू-३० सिंथेटिक घालतो. तेच एमजीबीत चालेल का? आणि गिअरबॉक्सला ९० नंबरचं जाड ऑइल घालू ना?

दोन्ही नाही. हे इंजिन २०डब्ल्यू-५० साठी बनलं आहे. बेअरिंगमधल्या फटी त्या हिशेबाच्या आहेत आणि कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) सपाट टॅपेट घासत चालतात. त्या घर्षणात ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग धातू वाचवतं. आजच्या पातळ पेट्रोल ऑइलमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा लागू नाही. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या, पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदला, गाडी फिरली नसली तरी. उभ्या गाडीच्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल साचतं.

गिअरबॉक्सलासुद्धा तेच इंजिन ऑइल, हँडबुकात तसंच छापलं आहे. हे कुणी ऐकत नाही, म्हणून माझ्यावर बेतलेलं सांगतो. माझ्या पहिल्या एमजीबीत एका गॅरेजने जीएल-५ प्रतीचं ९० नंबर ऑइल भरलं. सकाळी दुसरा गिअर कुरकुरायला लागला. दोन वर्षांनी प्लग उघडला तर ऑइलमध्ये सोनेरी भुगा तरंगत होता. जीएल-५ मधलं गंधक गरम झालं की पितळ खातं, आणि सिंक्रोच्या (गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेल्या) रिंगा पितळी असतात. त्या रिंगा शोधायला मला आठ महिने लागले. ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर) असेल तर तोही याच ऑइलवर चालतो. त्यात निसरडेपणा वाढवणारं कुठलंही अ‍ॅडिटिव्ह घातलं तर त्याचा कोन क्लच घसरतो. ९० नंबर हायपॉइड ऑइलची जागा मागच्या डिफरन्शियलमध्ये.

प्रश्न (कोल्हापूर): तारांच्या चाकांना १८५चे रुंद टायर बसवले तर पकड वाढेल का? मूळ साइजचे टायर कुठे मिळणार?

मूळ साइज तुमच्या गल्लीत मिळते. जीटीला १६५-१४ रेडियल यायचे, ते रोडस्टरलाही छान बसतात. आजची तीच मापं १६५/८० आर १४, आणि मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलांना हेच टायर येतात. व्यास तोच राहतो, म्हणून स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. १८५ साडेचार इंची रिमवर फुगतो, दोघं बसून खड्ड्यातून गेलं की मागच्या कमानीला घासतो, आणि स्टिअरिंग जड होतं. या गाडीची मजा हलक्या स्टिअरिंगमध्ये आहे, ती रुंद टायरपायी घालवू नका.

तारांच्या चाकांत ट्यूब हवीच, कारण स्पोकच्या भोकांतून हवा निघते. रिमच्या आतून रबरी पट्टी लावा, आणि ट्यूबलेस टायरच्या आत चिकटवलेला कागद सोलून काढा. तो ट्यूब घासून पंक्चर करतो. रोडस्टरच्या हँडबुकात रेडियलला हवा पुढे २१, मागे २४ आहे. आपल्या खड्ड्यांसाठी मी चार-चार वाढवतो. टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा, ०८१९ म्हणजे २०१९ सालचा आठवा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर, नक्षी कितीही खोल असो, पावसात दगडासारखा घसरतो. स्टेपनीचा शिक्काही बघा, ती बहुधा सगळ्यांत म्हातारी असते.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात गाडी चार महिने उभी असते आणि दरवर्षी ब्रेक जाम होतात. सिलिकॉनचं डॉट ५ ब्रेक फ्लुइड घालू का?

तुमच्यासारख्याला तो विचार पटण्यासारखा आहे. नेहमीचं डॉट ४ फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही. नवं असताना ते किमान २३० अंशांवर उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतं, आणि सिलिंडर आतून गंजतात. सिलिकॉन पाणी शोषत नाही, रंगही खात नाही. पण ते जुन्या फ्लुइडमध्ये मिसळत नाही. पाइप, सिलिंडर, सगळी रबरं नवी करत असाल तेव्हाच घाला. नाहीतर डॉट ४ दर दिवाळीला बदला, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ब्रेक दाबून गाडी अंगणात पुढे-मागे करा. डॉट ५.१ हे नावाने जवळचं वाटलं तरी ते डॉट ४ च्याच जातीचं आहे.

प्रश्न (ठाणे): एसयू कार्ब्युरेटरच्या वरच्या नळीत कुठलं ऑइल? आणि ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने गाडी जास्त तापते का?

नळीत इंजिनाचंच २०डब्ल्यू-५०. ई२० बद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त) आणि इंजिन जास्त गरम चालतं. जेट थोडा खाली घेऊन मिश्रण घट्ट करा आणि स्पार्क प्लगचा रंग बघा: पांढरा दिसला तर अजून पातळ आहे, बदामी हवा. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. जुनी नळी आतून सुटते, तिचे काळे कण फ्लोटच्या सुईत अडकतात आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर सांडतं, कारण या गाडीत एक्झॉस्ट कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली आहे. नळ्या बदलेपर्यंत गाडीत अग्निशामक ठेवा, तोही हात पोचेल अशा जागी.