सासूबाईंच्या कानाला लागेल ते आणा

प्रश्न : आदरणीय बाई, जय ख्रिस्त. मी मंगरुळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरात मी, नवरा, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. मुलगा इंग्रजी शाळेत जातो, मराठी अडखळत वाचतो. सासूबाईंना वाचता येत नाही. गावात आपली चारच घरं आहेत, पाळक महिन्यातून एकदा येतात. घरात रोज रात्री आठला प्रार्थना व्हावी असं फार वाटतं. मागच्या वर्षी ‘वर्षभरात संपूर्ण बायबल’ असा तक्ता भिंतीवर लावला, तो तिसऱ्याच पुस्तकापाशी, लेवीयपाशी थांबला. आता सोयाबीनचे पैसे आले आहेत. टीपांचं मोठं बायबल अडीच हजारांना मिळतं. रोजच्या मननाची पुस्तकं आहेत, मुलांसाठी चित्रांचा संच आहे, आणि फोनवर तर ॲपच ॲप. यातलं काय घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : जय ख्रिस्त, पोरी. तुझा तक्ता लेवीयपाशी थांबला, माझा त्याच्या पुढच्या पुस्तकापर्यंत, गणनापर्यंत गेला होता. एवढाच काय तो फरक. बायबलात १,१८९ अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार वाचावे लागतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून यायची, स्वयंपाक उरकायची आणि दोन्ही पोरांना भिंतीशी बसवून ते रेटायची. गणनाच्या सातव्या अध्यायात ८९ वचनं आहेत. बारा दिवस बारा सरदार येतात आणि प्रत्येकजण तंतोतंत तेच अर्पण आणतो, तेच चांदीचं ताट, तेच बैल. पाचव्या सरदाराला धाकटा झोपला. नवव्याला मोठा म्हणाला, “आई, हजेरी घेऊन राहिली का?” मास्तरणीच्या पोराला दुसरं काय सुचणार! मी त्याला एक धपाटा घातला आणि बाराही सरदार पूर्ण केले. तो धपाटा मला अजून आठवतो, अर्पणं काही आठवत नाहीत.

म्हणून पैसे आधी डब्यात ठेव. लग्नात मिळालेलं बायबल कपाटात साड्यांखाली असेल, ते बाहेर काढ.

कुठलंही पुस्तक घेण्याआधी त्यातलं एक पान सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. त्या समोर नुसत्या बसलेल्या नकोत, हातात काही काम असावं. पस्तीस वर्षांपूर्वी एका संमेलनातून मी रोजच्या मननाचं एक पुस्तक आणलं होतं, कापडी बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं. माझ्या सासूबाई सुपात तुरीची डाळ निवडत होत्या, मी वाचायला लागले. दोन वाक्यं झाली तशी त्या म्हणाल्या, “काय वाचून रायली व? तहसिलीचा कागद आला का?” मी पुन्हा पाहिलं तर खरंच, एकेक वाक्य चार-चार ओळींचं, आणि क्रियापद कुठं तरी शेवटी लपलेलं. अर्थ बरोबर होता, पण तशा मराठीत घरात कोणी बोलत नाही.

मी ते पुस्तक मिटलं आणि रूथ उघडलं. ठरवून नाही, रूथ चारच अध्यायांचं म्हणून. सासूसुनेची गोष्ट आहे. दोघी विधवा, दुष्काळानं गाव सोडलेली सासू परत आलेली, सातूची कापणी चालू, आणि परमुलखातली सून लोकांच्या वावरात कापणाऱ्यांच्या मागं सरवा वेचायला जाते. ‘सरवा’ म्हटल्याबरोबर सासूबाईंचा सुपातला हात थांबला. त्या लहानपणी ज्वारीच्या कापणीमागं सरवा वेचायला जायच्या, हे मला तोवर माहीतच नव्हतं. एकोणीस वर्षं आम्ही एका चुलीवर स्वयंपाक केला होता. कोणता मालक चार कणसं पडू द्यायचा आणि कोणता अंगावर कुत्रं सोडायचा, हे सगळं त्या रात्री निघालं. पुढं त्या वावराचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतली थोडी मुद्दाम टाकत चला, तिला दटावू नका. तेव्हा त्यांनी मला थांबवलं. “मुद्दाम टाका म्हने? पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. तुरीची डाळ त्या दिवशी निवडायची राहिली.

आता तुझ्या तक्त्याची गोष्ट. शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा, ही आज्ञा कुठं आहे? लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात. तू जिथं थांबलीस त्याच पुस्तकात. रूथ वाचून झालं की तेवढंच उघडून दाखव, सासूबाईंना लेवीय जड जाणार नाही.

रूथला चार संध्याकाळी पुरतात. मग स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा घे. यरुशलेमेला सणाला वर चढून जाताना यात्रेकरू गात ती ही स्तोत्रं, आपल्याकडं दिंडी चालते तशी. बहुतेक लहान आहेत, एक-एक तीन मिनिटांत होतं, आणि तुझ्या मुलाला अडखळत का होईना वाचायला देता येतं. त्याला मध्ये दुरुस्त करत बसू नकोस, मी आयुष्यभर तेच करून पाहिलं. १२६व्या स्तोत्रात आसवं गाळत पेरणाऱ्यांबद्दल आहे. ते वाचायच्या दिवशी तुझे यजमान घरात असतील असं बघ. दुबार पेरणी केलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. त्यानंतर मार्कचं शुभवर्तमान, सोळा अध्याय, अर्धा-अर्धा केला तर महिनाभर.

वेळ आठचीच का? तुमच्याकडं हरभऱ्याला ओलित सुरू झालं असेल. लाईन रात्रीची असली की यजमान टॉर्च घेऊन वावरात, आणि तू इथं आठला प्रार्थना लावून त्यांची खुर्ची रिकामी बघत बसणार. सगळे एका छपराखाली कधी असतात ते पाहा. आमच्या घरी सकाळच्या चहाची वेळ निघाली. दहा मिनिटं, त्यात चहाही आला.

कोणतं भाषांतर, हे तू विचारलं नाहीस, पण दुकानात गेलीस की दुकानदार विचारेल. पाठ करायला बायबल सोसायटीचं जुन्या वळणाचं घे. मंडळीत तेच वाचतात, सासूबाईंना ऐकून ऐकून त्याची लय माहीत असते. मुलांना समजायला सोप्या मराठीतलं एक असू दे. सोपं म्हणजे हलकं, असं काही ज्येष्ठ म्हणतात, त्यांचं ऐकू नकोस. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल असं बायबल लिहिण्यात त्यांची शेवटची वर्षं गेली. १९२२ साली त्या वारल्या. त्याच्याही आधी, १८११ साली बंगालातल्या सेरामपूरला मराठी नवा करार छापला गेला, तेव्हा मिशनरी विल्यम कॅरीसाहेबांच्या हाताशी होते ते पंडित वैजनाथ शर्मा आपल्या नागपूरकडचे. तेव्हा आपल्या बोलीची लाज कशाला?

रोजच्या मननाची पुस्तिका घ्यायची तर आधी उताऱ्याकडं बघ. वर एक वचन टांगून खाली पानभर दुसरीच गोष्ट असेल तर ती ठेवून दे. वाचून झाल्यावर बायबल उघडावंसं वाटलं तर घे. आणि एका प्रकाराला घरात शिरू देऊ नकोस. पुस्तिकेतही असतो, फोनवर जास्त. ‘बी पेरा’ म्हणतात, म्हणजे आमच्या खात्यात पैसे टाका, देव शंभरपट देईल. मार्कच्या चौथ्या अध्यायात तीसपट, साठपट, शंभरपट आहे खरं, पण पेरणारा काय पेरतो ते येशूनं तिथंच सांगितलंय : वचन. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याच्या नावानं फसवणूक व्हावी, याचा मला फार राग येतो. आमच्या गावात एका बाईनं गळ्यातली पोत मोडली होती.

फोन वाईट नाही. मराठी बायबल वाचलेलं, आवाजातलं, फुकट मिळतं. तालुक्याला नेट बरं असेल तिथं मार्क आणि स्तोत्रं उतरवून घे, म्हणजे गावात रेंज नसली तरी चालेल. दुपारी सासूबाईंना लावून दे. मात्र कुटुंबाच्या प्रार्थनेत फोन नको. वचन वाचता वाचता वर मेसेज आला की सगळ्यांचे डोळे तिकडं जातात, माझेसुद्धा.

गाण्याचं पुस्तक मात्र नक्की हवं. ‘उपासना संगीत’ घरात नसेल तर सगळ्यात आधी ते आण. माझे वडील खेड्यापाड्यांतून सायकलनं फिरणारे उपदेशक होते, त्यांची प्रत माझ्याकडं आहे. खाकी चड्डीच्या कापडाचं वेष्टण, दोऱ्यानं शिवलेलं. पानापानाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय : कोणतं गाणं कोणत्या चालीवर, कोणत्या गावात, कोणाच्या लग्नात, कोणाच्या मातीला. एका पानावर नुसतं ‘घरी. पाऊस. सगळे.’ आणि तारीख. त्या तारखेला मी सात वर्षांची होते. काय झालं होतं ते मला आठवत नाही, विचारायला आता कोणी नाही. पण ते गाणं आलं की मी त्या तीन शब्दांवर बोट ठेवते. तुझ्या मुलीला एक पेन्सिल दे आणि हे काम तिच्याकडं सोपव. आठवीतल्या पोरीला प्रार्थनेला बस म्हटलं की बसत नाही, जबाबदारी दिली की बसते.

चित्रांचा संच राहू दे. मुलाला पाठकोरे कागद दे, बवाजाचं वावर त्यालाच काढू दे.

तुझ्या एकटीचं काय, हेही तू विचारलं नाहीस. घरच्या बायका विचारत नाहीत. शंभर पानी शाळेची वही घे. चूल किंवा गॅस पेटवायच्या आधी नीतिसूत्रांचा एक अध्याय वाच. ३१ आहेत, आज जी तारीख तो अध्याय, खूण ठेवायची गरज नाही. एक वचन उतरवून घे आणि खाली आपली एक ओळ लिही. एकच. मी पहिल्या महिन्यात पानं भरली आणि दुसऱ्या महिन्यात वही रेशनकार्डाच्या पिशवीत गेली.

आता उरलं अडीच हजारांचं बायबल. ते चांगलं असतं, नकाशे असतात, शब्दसूची असते. पण ते चार घरांत मिळून घ्या. प्रत्येकी सव्वासहाशे पडतील. एक-एक महिना एकेका घरी ठेवायचं, अडलेलं एका चिठ्ठीवर लिहून त्यातच ठेवायचं, आणि पाळक आले की चिठ्ठ्या त्यांच्यापुढं ठेवायच्या. त्यांनाही बरं वाटेल. दर महिन्याला चहा-पोहे आणि ‘कसं काय चाललंय’ याला तेही कंटाळले असतील.


प्रश्न : बाई, घरात मी आणि मुलं प्रार्थनेला बसतो, पण मालक बसत नाहीत. उठून ओट्यावर जातात. त्यांच्यासाठी एखादं पुस्तक सुचवा. – एक वाचक भगिनी, दर्यापूर तालुका

उत्तर : त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी सुचवते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांना १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला आणि १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई त्या वाटेनं आल्या त्या पाच वर्षांनंतर. मधल्या काळातलं रडणं, भांडण, सोवळंओवळं त्यांनी कशा हसत लिहिलंय ते पाहा. एका घरात दोन मनं असली तर काय काय होतं, हे त्याच्याइतकं खरं मी दुसरीकडं वाचलं नाही.

मालक ओट्यावर जातात म्हणता. मग दार उघडंच ठेवा, आणि गाणं जरा मोठ्यानं म्हणा.