घोडा मारल्याशिवाय शिकत नाही, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी रायडिंगच्या क्लासला जाते, तिथले सर घोडा अडला की त्याच्या पायांवर चाबूक मारतच राहतात, मुलगी रडत घरी आली, आणि तुम्ही विचारलं तर सर म्हणाले की मारल्याशिवाय जनावर ऐकत नाही, ऑलिम्पिकवाले पण हेच करतात. आणि तुम्ही विचारताय की हे खरं आहे का, आणि असेल तर मुलीला हा खेळ शिकवायचा की बंद करायचा.

खरं नाहीये. मुलीला रडू आलं ते बरोबरच आलं. आमचं घर शहादा तालुक्यातलं, आजोबांच्या वेळेपासून दारात घोडे आहेत, शिंगरू वाढवायचं, त्याला खोगीर-लगामाची सवय लावायची आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत न्यायचं, हे शेतीच्या जोडीला चालत आलेलं काम आहे. मारून तयार केलेले घोडे पण मी जवळून बघितलेत आणि न मारता केलेले पण, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

घोडा शिकतो कशाने ते आधी बघा. तुम्ही टाच लावली, त्याला ते नकोसं वाटतं म्हणून तो पुढे पाऊल टाकतो, आणि पाऊल पडल्या पडल्या तुम्ही टाच सैल सोडली की त्याला कळतं की हां, हेच पाहिजे होतं. शिकतो तो टाच सोडल्यावर, टाच मारल्यावर नाही. लगामाचं पण तेच, थांबला की हात लगेच ढिला. आता सर जे करतात ते बघा, घोडा पुढे निघाला तरी चाबूक चालूच, म्हणजे बरोबर केलं तरी मार आणि चूक केलं तरी मार, मग त्याने शिकायचं काय? भ्यालेल्या घोड्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते, इथून पळायचं. पळता येत नसेल तर तो एक तर उलटतो, मागच्या पायांवर उभा राहतो, लाथ घालतो, नाहीतर गप्प होतो. गप्प झालेल्या घोड्याला लोक शहाणा घोडा म्हणतात. मला तसा घोडा बघवत नाही, कान ढिले, नजर कुठेच नाही, अंगावर माशी बसली तरी कातडी हलत नाही. एरवी घोड्याला एक माशी बसलेली कळते, त्या अंगावर चाबूक किती लागत असेल याचा हिशोब मुलीला बरोबर कळलाय, मोठ्यांना कळत नाही.

तोंडाचं तर विचारूच नका. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये मोकळी जागा असते, लगामाचं लोखंड तिथेच बसतं, आणि तिथे हाडावर नुसती पातळ हिरडी असते, गादी नाही काही नाही. आमच्याकडे एकदा एक घोडी आली होती, दिसायला देखणी, चाल रेवाळ, अंगावर बसलं तर पेल्यातलं पाणी सांडणार नाही अशी, पण तोंडाला हात लावू देत नव्हती. दोन दिवस नुसता खरारा करून, तोबऱ्यात हरभरा खाऊ घालून तिला जवळ केलं आणि मग ओठ उघडून बघितलं. ओठांचे कोपरे पांढरे पडून कडक झालेले, आतल्या हिरडीवर जुन्या जखमेच्या गाठी, आणि जिभेवर आडवी खाच. कोणीतरी काटेरी लगाम घालून वर्षानुवर्षे ओढलं होतं तिला. आमच्याकडे घोड्यांचं करणारे एक म्हातारे बाबा होते, ते नव्या पोरांना कायम एकच सांगायचे, "इतलं वढू नको रे, तोंड शे तेनं," म्हणजे इतकं ओढू नको, तोंड आहे त्याचं. त्या घोडीला साधा गुळगुळीत लगाम घालायला पण फार दिवस लागले, आणि मान वर फेकायची सवय तिची पूर्ण कधीच गेली नाही.

बरं, असा काटेरी लगाम आपल्या देशात कायद्याने चालत नाही. 1965 च्या ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांच्या नियमांमध्ये स्पष्ट आहे की काटे, गाठी किंवा टोकं असलेला लगाम, साज, काठी वापरायची नाही. पण मूळ कायदा 1960 चा, त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयात आज घोड्याच्या एका वेळच्या चाऱ्याचं पण भागत नाही, मग कोण घाबरणार.

आता माझं खरं म्हणणं सांगतो. मारणारा माणूस प्रत्येक वेळी दुष्टच असतो असं नाही. मार येतो तो घाईतून, आणि घाई येते आपण ज्याला टाळ्या वाजवतो आणि पैसे देतो त्यातून. यात्रेत गिऱ्हाईक बघा काय बघतं. मान ताठ, तोंडाला फेस, डोळ्याचं पांढरं दिसतंय, जागेवर उभा राहत नाही, लगेच म्हणतात काय तेज आहे! अहो ते तेज नाही, ते भ्यालेलं जनावर आहे. पण किंमत त्याचीच जास्त येते. नाचणाऱ्या घोड्यांचं तसंच. ढोलावर पाय उचलणं घोड्याला शिकवता येतं, सावकाश, एकेक पाय, बरोबर उचलला की शाबासकी, वर्ष जातं त्यात. पण लग्नाची तिथी जवळ आली, यात्रा तोंडावर आली की वर्ष कोणाकडे आहे? मग दोन खांबांच्या मध्ये बांधायचं, ढोल वाजवायचा आणि ठेक्यावर नळीच्या हाडावर काठी. काही दिवसांनी नुसता ढोल वाजला तरी पाय उचलतो, काठी कुठे दिसतच नाही, आणि लोक म्हणतात वा काय ताल आहे. खाटेवर चढवून नाचवतात ते तर मला अजिबात पटत नाही, पाय घसरून अडकला की घोडा जन्माचा गेला. तिथे नोटा उधळणारे हात थांबले तर शिकवणाऱ्याची काठी आपोआप थांबेल असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. तुमच्या सरांनी ऑलिम्पिकचं नाव घेतलं म्हणून सांगतो. ड्रेसाज म्हणून प्रकार आहे, घोडा आणि स्वार यांची कवायत म्हणा, 2023 च्या आशियाई स्पर्धेत आपल्या टीमने त्यातच सुवर्ण आणलं. त्या खेळात बाहेर एक पद्धत आली, घोड्याची मान इतकी वाकवायची की हनुवटी छातीला टेकते, रोलकूर म्हणतात त्याला. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, फक्त नाकाने, आणि मान अशी दाबली की गळ्यातली हवेची वाटच अरुंद होते. वरून तोंडाचा पट्टा करकचून आवळला की तो तोंड उघडून त्रास दाखवू पण शकत नाही. 2009 मध्ये डेन्मार्कच्या एका स्पर्धेत सरावाच्या वेळी एका घोड्याची जीभ निळी पडून बाहेर लोंबत असल्याचा व्हिडिओ आला, जगभर बोंबाबोंब झाली, आणि 2010 मध्ये या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, एफईआयने, जोर लावून अशी मान वाकवणं मान्य नाही असं जाहीर केलं. पण ही पद्धत आली कशाला? तशा वाकलेल्या मानेला, पाय उंच फेकणाऱ्या घोड्याला चांगले मार्क मिळत होते म्हणून. सारंगखेड्याला गिऱ्हाईक, तिकडे जज, फरक एवढाच. तोंडाचा पट्टा किती आवळलाय ते मोजायचं साधन एफईआयने आणलं 2025 मध्ये, इतकी वर्षं दोन बोटं जातात का एवढंच बघायचे, आणि बोटं कोणाची जाड कोणाची बारीक.

2024 ला पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर शार्लट ड्युजार्डिनचं प्रकरण झालं, सर बहुतेक त्याबद्दलच बोलत असतील. ब्रिटनची स्वार, लंडन 2012 पासून तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून सहा पदकं. काही वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बाहेर आला, विद्यार्थिनी घोड्यावर बसलीय आणि ही खाली उभी राहून लांब चाबकाने घोड्याच्या पायांवर परत परत मारतेय. तिने स्वतः ऑलिम्पिकमधून नाव काढून घेतलं, नंतर एक वर्ष बंदी आणि 10 हजार स्विस फ्रँक दंड झाला. म्हणजे ऑलिम्पिकवाले पण करतात हे सर सांगतात, पुढे काय झालं ते सांगत नाहीत.

त्याच्या आधीचं टोकियोचं उदाहरण मला जास्त लागलं. मॉडर्न पेंटॅथलॉन म्हणजे पाच खेळ मिळून एक स्पर्धा, तिच्यातल्या घोडेस्वारीत स्वाराला चिठ्ठी काढून अनोळखी घोडा द्यायचे आणि ओळख करून घ्यायला फक्त वीस मिनिटं. जर्मनीची खेळाडू पुढे होती, तिला मिळालेला सेंट बॉय नावाचा घोडा उडी मारेना, ती रडतेय, चाबूक मारतेय, आणि बाहेरून तिच्या कोचने घोड्याला बुक्का मारला, साऱ्या जगाने टीव्हीवर बघितलं. कोचला बाहेर काढलं. पण मला सांगा, वीस मिनिटात कोणता घोडा कोणाचं ऐकेल? चूक त्या रडणाऱ्या मुलीपेक्षा त्या वीस मिनिटांच्या नियमाची जास्त. शेवटी पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली, त्या जागी अडथळ्यांची शर्यत आणली.

सरांची बाजू पण घेतो, कारण त्यात काही खरं आहे. घोडा चारशे-पाचशे किलोचं जनावर, त्याने माणसाच्या अंगावर येणं, चावणं, दाबणं खपवून घेता येत नाही, शिस्त पाहिजेच, लाडाने बिघडलेला घोडा पण धोकादायक असतो. चाबूक हातात असण्याला पण माझा विरोध नाही, टाच जिथे पोचत नाही तिथे चाबकाने हलका स्पर्श करून सांगता येतं. पण स्पर्श वेगळा आणि झोडपणं वेगळं. उड्यांच्या स्पर्धेत एफईआयचा नियमच आहे की एका वेळी तीनपेक्षा जास्त फटके नाहीत. नॉर्वेत तर रेसमध्ये चाबकाने मारायला 1982 पासून बंदी आहे, तरी तिथे घोडे धावतातच.

आणि घोडा अडतोय तर का अडतोय हे कोणी बघितलं का? दहापैकी किती वेळा कारण खोडी नसून दुखणं असतं हे विचारायला पाहिजे. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, दाढांना बाहेरून धार येते आणि गालाचं आतलं मांस कापलं जातं, त्यावर पट्टा आवळला की तो डोकं झटकणारच. खोगीर पाठीला लागत असेल, नाल चुकीचा बसला असेल, तासन्‌तास चारा नसेल तर पोटात अल्सर असेल. इंग्लंडच्या स्यू डायसन या घोड्यांच्या डॉक्टर, त्यांनी स्वार बसलेला असताना घोडा दुखणं कसं दाखवतो याच्या 24 खुणा काढल्यात, कान मागे, शेपटी सारखी फटकारणं, तोंड उघडणं, डोळा रोखणं असं, आणि त्यातल्या आठ किंवा जास्त दिसल्या तर बहुतेक काहीतरी दुखतंय असं समजायचं.

खेळ बंद करावा का? मला नाही वाटत. घोड्याला काम आवडतं, माणसाची सोबत आवडते, हे मी रोज बघतो. आमच्याकडे लोक लगेच म्हणतात की शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, तर 2023 ला सुप्रीम कोर्टाने चालू ठेवले मग घोड्यांचं काय घेऊन बसलात. पण कोर्टाने परवानगी दिली ती नियमांसकट दिली, मनाला येईल तसं हाकायची नाही दिली.

तुम्ही आता एवढं करा. पुढच्या वेळी क्लासच्या अर्धा तास आधी जा आणि लगाम चढवताना स्वतः उभं राहून बघा. घोडा लगाम बघून मान खाली आणतो का वर फेकून मागे सरकतो, ओठांचे कोपरे कसे आहेत, पट्ट्याखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं आरामात जातात का, खोगीर काढल्यावर पाठीवर पांढऱ्या केसांचे डाग आहेत का, ते जुन्या जखमांचे असतात. दात शेवटचे कधी घासून घेतले ते विचारा. चांगला माणूस हे सगळं स्वतःहून दाखवतो, त्याला बरंच वाटतं कोणी विचारलं तर. लगाम चढवताना पालकांनी यायचं नाही असं कोणी म्हणालं तर त्याच दिवशी मुलीला तिथून काढा आणि दुसरा क्लास शोधा, खेळ सोडायला लावू नका, जिला त्या घोड्याचं दुखलेलं कळलं ती चांगली स्वार होईल.